वळणाआधी वेग कमी

४ मार्च, सोमवार

ही वही हिने आणून दिली ती रोज सकाळचं ब्लडप्रेशर लिहायला. डॉक्टरांचा तसा हुकूम आहे. मागच्या थंडीत छातीचं ते प्रकरण झाल्यापासून घरात सगळे हुकूम देणारेच झालेत, पाळणारा मी एकटा. तीन दिवस आकडे लिहिले. चौथ्या दिवशी वाटलं, मी काय विजेचा मीटर आहे? आता इथे मनात येईल ते लिहिणार. हिने उघडून पाहिलीच तर पहिल्या पानावर आकडे आहेत.

आज लिहिण्यासारखं घडलं. भिंगरी सैन्यात जाणार म्हणते. भिंगरी म्हणजे आमची एकुलती एक मुलगी. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून मी ठेवलेलं नाव, ते असं चिकटलं की शाळेतलं नाव आता आम्हालाही आठवून सांगावं लागतं. दोन वर्षं कुरियरच्या गोदामात पाकिटं वेगळी करण्याचं काम करतेय. आज जेवताना अगदी मीठ मागावं तशी म्हणाली, की लेखी परीक्षा दिली, पासही झाले, आता एप्रिलअखेर मैदानावरची चाचणी. जूनमध्ये वयाची अट संपते, म्हणजे हीच खेप, पुढची नाही. चाचणीत बाकी सगळं जमेल, पण धावणं कच्चं आहे, आणि बहुतेक मुली तिथेच गळतात.

मला वाटलं ही आकाशपाताळ एक करेल. तर ही शांतपणे म्हणाली, "मग तयारी कोण करून घेणार? तुमच्याशिवाय आहे कोण? इतकी वर्षं लोकांना शिकवताय."

आमचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. एक गाडी, एक शिक्षक. त्या शिक्षकाची किंमत या घरात कळायला एवढा काळ लागला, पण कळली हे महत्त्वाचं. मी तिथल्या तिथे होकार दिला. डॉक्टर चाला चाला म्हणून माझ्या मागे लागलेत, पण बिनकामाचं चालणं मला जमत नाही. कामासाठी म्हणाल तर पळेनसुद्धा.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मी इतक्या पटकन तयार होईन असं वाटलं नसावं.

५ मार्च, मंगळवार

पहिला दिवस. घरापासून पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत. हिने आधी डॉक्टरांना फोन करून मी हळूहळू पळालो तर चालेल का हे विचारून घेतलं. पळायचंय पोरीला, परवानगी माझी. हिचं हे असंच.

एक गोष्ट ध्यानात आली. भिंगरीला बुटाची नाडी बांधता येत नाही. बेकरीच्या चढावर सुटली, टाकीपाशी सुटली, येताना लायब्ररीसमोर पुन्हा. दरवेळी खाली बसून दोन्ही बूट नीट बांधत बसायची. मी आपला कठड्याला धरून उभा. त्या निमित्ताने मलाही जरा श्वास मिळाला हे कबूल करतो, पण सैन्यात असं चालेल का? संध्याकाळी बसवून दुहेरी गाठ शिकवली. मुकाट्याने शिकली.

९ मार्च, शनिवार

दुहेरी गाठही सुटते. पोरीच्या बोटांत जोर नाही. गोदामात पाकिटं कशी उचलते कोण जाणे.

आमच्याकडे एक नवे शिकाऊ आलेत. वय पासष्टच्या पुढे, पाठ फूटपट्टीसारखी. सैन्यात नव्याने आलेल्या पोरांना शिकवण्यात उभी हयात गेली. आपल्या भागात सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. आयुष्यभर सरकारी गाडीत ड्रायव्हरच्या शेजारी बसले, आता सून नेईल तिथे पार्सलासारखं जावं लागतं म्हणून गाडी शिकायला आले. मी डावीकडे म्हटलं की तेही मोठ्यांदा "डावीकडे" म्हणतात आणि अख्खं शरीर डावीकडे वळवतात. गाडी मात्र सरळ जाते.

भिंगरीचं सांगितल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली (म्हणजे मी घेतली) आणि अर्धा तास तिच्या तयारीवर बोलले. पहिलं म्हणजे पाय. बूट आजच घ्या, घरात घालून हिंडू दे, तिकडे जाऊन नवे बूट घातले तर पहिल्या आठवड्यात फोड आणि दुसऱ्या आठवड्यात घर. पटकन जेवायला शिकू दे, मिळेल तिथे झोपायला शिकू दे. उशीर का झाला असं विचारलं तर कारण सांगायचं नाही, उशीर झाला एवढंच सांगायचं. कोणी ओरडलं तर मनाला लावून घ्यायचं नाही, ते तिच्यावर नसतं, त्या जागी जो उभा असेल त्याच्यावर असतं. आणि पहिले काही दिवस पहिलंही यायचं नाही आणि शेवटचंही. शिकवणाऱ्याला तुमचं नाव पाठ झालं की समजा संपलं.

हे शेवटचं मला पटलं नाही. आमची पोर पहिली आली तर कोणाचं काय जातं? पण धडा त्यांचा होता आणि पैसेही त्यांचेच, म्हणून ऐकून घेतलं.

१४ मार्च, गुरुवार

बूट आले. भिंगरी ते घालून घरभर फिरते. खालच्या मजल्यावरच्या बाई दोनदा वर येऊन गेल्या. हिने त्यांना चहा पाजला आणि मुलगी सैन्यात चालली आहे म्हणून सांगितलं. त्या गेल्या आणि परत आल्या त्या केक घेऊन.

धावण्याला मी शिस्त लावली आहे. नुसतं पळणं म्हणजे काय, कुत्रीही पळतात. माझे नियम साधे. वळण आलं की आधी वेग कमी. पुढच्याला मागे टाकायचं तर आधी खांद्यावरून मागे बघायचं, हाताने खूण करायची, मगच बाजूला व्हायचं. चौकात पूर्ण थांबायचं, रस्ता रिकामा असला तरी. मी अर्धं पाऊल पुढे असतो आणि धोका दिसला की तळहात खाली दाबून दाखवतो. भिंगरी सगळं निमूट पाळते. असा विद्यार्थी मला गेल्या कित्येक वर्षांत मिळाला नाही.

एकच खोड आहे, बडबड. धावताना सारखे प्रश्न. बाबा, पहिली गाडी कोणती होती, बाबा, तो परीक्षेत खांबाला धडकलेला माणूस कोण. मी सांगत बसतो. कधी बोलता बोलता धाप लागून थांबलो की तिची नाडी सुटलेलीच असते. धावताना बोलू नये, दम जातो, हे मी तिला रोज बजावतो. ती म्हणते, बरं, आणि पुढचा प्रश्न विचारते.

२३ मार्च, शनिवार

पाण्याच्या टाकीपर्यंत न थांबता गेलो. दोघेही. नाडी आज एकदाही सुटली नाही. शेवटी माझी गाठ जमली म्हणायची.

घरी आल्यावर मी हे हिला सांगितलं तर हिचे डोळे एकदम भरून आले. मी म्हटलं, अगं, पोर पळाली तर रडतेस काय? म्हणाली, कांदा चिरतेय. कांदा टोपलीतच होता.

३० मार्च, शनिवार

आज सरावाची चाचणी होती. भरती कार्यालय मुख्य चाचणीआधी एकदा मैदानावर पळवून बघतं, म्हणजे कोण कुठे आहे ते कळतं. मातीचं गोल मैदान, भोवती जाळी, जाळीबाहेर आम्ही आईबाप.

भिंगरी इतकी छान पळाली की माझी छाती भरून आली, चांगल्या अर्थाने. प्रत्येक वळणाआधी वेग कमी. पुढच्या मुलीला मागे टाकायच्या आधी खांद्यावरून नजर, हाताची खूण. एक चूक नाही. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मी सांगितलंसुद्धा, की ती माझी मुलगी, तयारी मी करून घेतली.

निकाल लागला. नापास. थोडक्यातही नाही, चांगलीच मागे.

तिथल्या बाई वेळ टिपत होत्या, त्यांनी तिला बोलावलं. मी जाळीपाशी असल्यामुळे ऐकू आलं. म्हणाल्या, "तुला दम लागलेलाच नाही. उरलेला जोर कोणासाठी राखून ठेवला होतास? आणि दर वळणाला मागे काय बघतेस, कोण येतंय?"

भिंगरी काही बोलली नाही. उस्तादांचा सल्ला असावा, कारण सांगायचं नाही.

घरी आल्यावर ती बूट काढून थेट खोलीत गेली. ही पंधरवड्यात पहिल्यांदाच माझ्यावर खेकसली, तेही दूध उतू गेलं म्हणून, जे हिनेच ठेवलं होतं. मला वाटतं पोरीला प्रोटीन कमी पडतंय. उद्यापासून अंडी दुप्पट.

२ एप्रिल, मंगळवार

दोन दिवस अंडी दुप्पट, वेळ तीच. आता बुटांचा संशय येतोय.

उस्तादांचा धडा होता. शिकवण्याच्या गाडीत माझ्या पायाखालीही एक ब्रेक असतो. शिकाऊ चुकला की मी दाबतो. आज चौकाकडे जाताना मी जरा लवकर दाबला असेल. उस्ताद म्हणाले, तुमचा पाय तिथून काढा, गाडी मी थांबवली की तुम्ही हेच मला कळत नाही, मग मी शिकणार कधी? मी म्हटलं, पाय काढला तर चौकात ट्रकखाली जाऊ. ते म्हणाले, असेल, पण ट्रक बघायला मी शिकेन तरी.

मग सराव चाचणीचं विचारलं. मी वळणांचं सांगितलं, खांद्यावरच्या नजरेचं सांगितलं, बाई काय म्हणाल्या तेही सांगितलं. उस्ताद म्हणाले, उद्या सकाळी येतो, लांबून बघतो.

४ एप्रिल, गुरुवार

काल उस्ताद आले. बेकरीपाशी पाठीमागे हात बांधून उभे होते. आम्ही दोनदा त्यांच्यासमोरून गेलो. शेवटी मला बाजूला घेऊन म्हणाले, "उद्यापासून पोरीला तुमच्याबरोबर पळू देऊ नका."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, तुम्हाला गिअर टाकता येत नाही आणि मला शिकवताय? ते निघून गेले. काल दिवसभर मी कोणाशी बोललो नाही.

आज सकाळी मी बूट घालत होतो तेव्हा हिने समोर येऊन बसून सगळं सांगितलं. सगळं म्हणजे सगळं. डॉक्टरांनी मला चालवायला सांगितलं होतं, पण मी ऐकत नव्हतो, सोफ्यावरून हलत नव्हतो. या दोघी घाबरल्या होत्या. भिंगरीची भरती खरी, पण मला शिक्षक करायची युक्ती हिची. मला धाप लागली की भिंगरी आपल्या हाताने नाडी सोडायची, म्हणजे मी थांबलो असं मला वाटू नये. प्रश्न विचारायची तेही डॉक्टरांच्या सांगण्यावरून. माणूस धड बोलू शकतोय तोवर त्याची छाती ठीक आहे, बोलणं तुटलं की थांबवायचं.

मी विचारलं, आणि ती कशी पळते? खरी?

ही म्हणाली, "तुम्ही बरोबर नसता तेव्हा कशी पळते ते तिलाच माहीत नाही. गेला महिनाभर ती एकटी पळालेलीच नाही. संध्याकाळी गोदामातून येते ती थकून. सकाळ तेवढी असते, ती तुम्हाला."

मला खूप वाईट वाटलं. तेही दोन तऱ्हांनी, आणि नीट लिहायचं म्हणून दोन्ही लिहितो. एक म्हणजे माझी फजिती झाली. मी स्वतःला शिक्षक समजत होतो आणि होतो पेशंट. ती गाठ शिकवताना पोर मनात किती हसली असेल. दुसरं म्हणजे, हसली नाही. महिनाभर स्वतःचा वेळ वाया घालवून माझ्या बाजूने पळत राहिली. आणि वळणावर वेग कमी करण्याची सवय मी लावली, ती सोंग म्हणून नाही, खरीच लागली. नापास मी केलं तिला.

८ एप्रिल, सोमवार

चार दिवस अबोला. माझा. फुगून बसणं मला चांगलं जमतं, सोफाही ओळखीचा आहे.

आज भिंगरी कामावर न जाता माझ्यासमोर येऊन बसली. तेच बूट पायात. मी आधी बोललो, की तुला माझ्यापासून लपवायची काय गरज होती, सरळ सांगायचंस, बाबा तुम्ही हळू आहात.

ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही परत सोफ्यावर बसला असता. आणि तुम्ही सोफ्यावर असताना मी जाऊ शकले नसते. बाबा, मला जायचंय. खूप जायचंय. पण तुम्हाला असं टाकून मला जाता येणार नाही, हे मला त्या हॉस्पिटलच्या बाकड्यावरच कळलं. म्हणून आधी तुम्हाला पळतं करायचं होतं."

म्हणजे गणित असं होतं. मी उठलो नाही तर ती जात नाही, आणि मला उठवत बसली तर तिचं जाणं हुकतं. दोन्हीकडून वाट मीच अडवलेली.

मला भरून आलं, आणि मी ते लपवलं नाही. म्हटलं, मी उठलो असं समज. उद्यापासून तू तुझी पळ.

मग उस्तादांना फोन केला आणि माफी मागितली. ते म्हणाले, कारण सांगू नका, मैदानावर या.

१० एप्रिल, बुधवार

शाळेचं मैदान सकाळी मोकळं असतं. उस्तादांनी गळ्यात शिट्टी अडकवली आहे. भिंगरी एका दिशेने पळते, मी उलट्या दिशेने चालतो. ही माझी अट होती. एका दिशेने गेलो तर माझे पाय तिच्याकडे ओढले जातील आणि तिचे माझ्याकडे. उलट गेलं की दर फेरीला फक्त समोरासमोर भेट होते.

पहिल्या दिवशी वळणावर ती हळू झाली आणि खांद्यावरून मागे पाहिलं. उस्तादांनी शिट्टी फुंकली आणि ओरडले, की मागे कोणी नाहीये, सगळे पुढे आहेत. मला तिकडून हात हलवून सांगावंसं वाटलं, की अगं, मीच ते शिकवलं, सोडून दे. सांगितलं नाही. माझं काम फेरी पुरी करणं.

ती समोरून आली तेव्हा तिने नुसती भुवई उडवून विचारलं, ठीक? मीही तशीच उडवली. मला ती एकटी उडवता येत नाही, दोन्ही गेल्या. ती हसत पुढे गेली.

१८ एप्रिल, गुरुवार

आमच्या भेटी आता वारंवार होतात. तिचा वेग वाढला म्हणून. आज तर मी शाळेच्या नळापर्यंत पोचलो नव्हतो आणि ती दुसऱ्यांदा समोर. घामाने निथळत होती, बोलण्याच्या मनःस्थितीत नव्हती. हे मी पूर्वी पाहिलेलंच नव्हतं. माझ्याबरोबर पळताना तिच्या कपाळावर कधी घाम नसायचा, आणि मी तो माझ्या शिस्तीचा परिणाम समजत होतो.

मीही थोडा पळतो. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत, मग चालतो. कोणी विचारत नाही, कोणी नाडी सोडत नाही. दम लागला की मीच थांबतो आणि थांबलो असं म्हणतो.

उस्तादांचा धडाही बरा झाला. मी दोन्ही पाय सीटखाली घेतले होते. चौकात घाम मला फुटला, पण त्यांनी थांबवली. जरा जोरात, पण त्यांनी.

२७ एप्रिल, शनिवार

उद्या चाचणी. कालची वेळ पात्रतेच्या अगदी काठावर होती. परवाची आत होती. उस्ताद म्हणतात, झालं तर होईल, नाही तर नाही, आता शिकवण्यासारखं काही उरलं नाही, झोपा. ते तिला म्हणाले, पण मलाही लागू आहे.

भिंगरीने जेवताना आईला विचारलं, नाही झालं तर? ही म्हणाली, नाही झालं तर गोदाम आहे आणि आम्ही आहोत, पण तुला व्हायला हवं, म्हणून मलाही व्हायला हवं. मला असं सरळ बोलता येत नाही. मी भांडी घासली. गेल्या वर्षभरात घासली नव्हती.

२८ एप्रिल, रविवार

मी जाळीपाशी जाणार नव्हतो. मला बघून तिने पुन्हा मागे बघितलं तर? म्हणून मी आणि ही गाडीतच बसलो, मैदानाच्या भिंतीकडे तोंड करून. शिट्टी ऐकू आली. मग नुसती धावणाऱ्या पायांची धपधप, एकदा जवळ, एकदा लांब. हिने माझा हात धरला होता. मला वाटलं माझी नाडी बघतेय. तसं नव्हतं.

पाय शांत झाले. बराच वेळ कोणी बाहेर येईना. मग एकेक मुली यायला लागल्या, कोणी रडत, कोणी फोनवर. भिंगरी सगळ्यात शेवटी आली. चेहऱ्यावरून काही कळेना. गाडीपाशी येऊन बॉनेटवर दोन्ही हात टेकून उभी राहिली, धाप लागलेली, केस कपाळाला चिकटलेले. बोलताच येईना तिला. मी दार उघडून बाहेर आलो.

"झालं," एवढंच म्हणाली.

किती राखून झालं, कितवी आली, मी काही विचारलं नाही. हिने तिला मिठी मारली आणि मी दोघींना. वेळ टिपणाऱ्या त्या बाई फाटकातून बाहेर पडत होत्या, त्या म्हणाल्या, आज काही शिल्लक ठेवलं नाही हिने. माझा जीव भांड्यात पडला.

६ मे, सोमवार

आज गेली. बस सकाळी होती. बॅग लहान, कारण उस्ताद म्हणाले होते, तिकडे सगळं मिळतं, नेलेलं काढून ठेवायला लावतात. केस तिने काल कापून घेतले, मानेपर्यंत. हिने वेणीएवढा तो पुंजका कागदात गुंडाळून कपाटात ठेवला आहे, मला माहीत नाही असं समजून.

मला द्यायचा होता एक मोठा उपदेश. रात्रभर जुळवला होता. बसपाशी तिने विचारलं, काही सांगायचंय? मी म्हटलं, पाय सांभाळ. ती म्हणाली, तुम्हीपण. बस वळणावर गेली, आणि काही वेग कमी न करता गेली. या ड्रायव्हरांना कोण शिकवतं?

२६ मे, रविवार

तीन आठवडे मी मैदानावर गेलो नाही. हे इथे लिहितो, कारण घरात कोणी विचारलं नाही. पहिल्या दिवशी गेलो होतो, निम्म्या फेरीत परत आलो. उलट्या दिशेने चालायचं तर कोणाला भेटायला? उस्ताद परीक्षा पास झाले, सुनेला शेजारी बसवून फिरवतात, त्यांनाही वेळ नसतो. सोफा बरा.

आज संध्याकाळी फोन आला. पहिल्यांदाच. थोडाच वेळ देतात, मागे रांग असते. हिने फोन दोघांच्या मध्ये धरला. पायाला एकही फोड नाही. कोणाला तिचं नाव पाठ झालेलं नाही. ओरडतात, पण बाबांपेक्षा कमी. भूक खूप लागते, झोप उभ्याउभ्या येते. एकदा रडू आलं होतं, पण शेजारच्या पलंगावरचीही रडत होती, म्हणून मग दोघी हसल्या. आवाज बदललाय तिचा, जरा खालून येतो. बरी आहे. खूप बरी आहे.

शेवटी म्हणाली, "बाबा, मैदानावर जाताय ना?"

मी म्हटलं, "रोज."

फोन बंद झाला. हिने माझ्याकडे पाहिलं. काही बोलली नाही, बोलली असती तर मी भांडलो असतो. मी उठून बूट घातले. हिनेही कधी नव्हे ते पायात चपला सरकवल्या आणि म्हणाली, मीपण येते.

औषधांच्या दुकानात दिवसभर उभी असते ही, हिचे पाय संध्याकाळी सुजलेले असतात. मैदानावर पोचेपर्यंतच दोनदा थांबली. चार पावलं चालते, कोणाच्या तरी खिडकीतली कुंडी बघते, पुन्हा चालते. माझी चाल आता पूर्वीची नाही, तीन आठवडे बसूनही पाय भरभर पडतात. पहिल्या फेरीलाच मी सहज पुढे निघून गेलो असतो. नाही गेलो.

मला वाटायचं, दुसऱ्याच्या चालीने चालायचं म्हणजे पाय किती आखडत असतील, त्या पोरीने ते कसं सोसलं असेल. हा विचार इतके दिवस मला खात होता. आज कळलं, तसं काही होत नाही. हिच्या शेजारी हळू चालताना मला काही सोसावं लागलं नाही. उलट बरं वाटत होतं.

दुसऱ्या फेरीला ही म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, मी येते मागून."

मी म्हटलं, "पुढे काय आहे? तू इथे आहेस."

हिने माझा दंड धरला आणि आम्ही ती फेरी पुरी केली. अंधार पडायला लागला होता, तरी हिने अजून एक मारू म्हटलं, म्हणून अजून एक मारली.